भिंतीवरील पालवी

फाल्गुन सरत आला की चंद्रपूर व गडचिरोली ह्या जिल्ह्यांतील अरण्याचे रूप पालटू लागते. पळस आपली केशरी फुले उधळून मोकळा होतो, मोहाखाली पहाटे फुलांचा सडा पडतो आणि साग मात्र अजून निष्पर्ण उभा असतो. अशा वेळी गावाजवळच्या करंजाला नवी पालवी फुटते. कुसुमाची पालवी तांबडी असते, पिंपळाची तांबूस असते. करंजाची पालवी मात्र प्रथमपासूनच हिरवी. पण तो हिरवा रंग पुढे आषाढात दिसणारा गडद हिरवा नव्हे. हिरव्या रंगात हळदीचे बोट बुडवावे आणि मग त्यात भरपूर दूध घालावे, तशी त्याची छटा असते. उन्हात ती पाने पाहिली म्हणजे झाडाच्या आत कोणी दिवा लावला असावा असे वाटते.

ह्या रंगाला नेमके काय म्हणावे? पोपटी म्हणावे तर पोपट ह्याहून पुष्कळ गडद असतो. पिस्त्याचा रंग जवळचा आहे. परंतु पिस्ता हे फळ परदेशाहून येणारे, आणि करंज तर दारात उभा. मराठीत हिरव्या रंगाच्या छटांना पोपटी, मोरपंखी, शेवाळी, मेंदी अशी जी नावे आहेत, ती पाखरांवरून व झाडपाल्यावरून पडलेली आहेत, आणि तेच योग्य होय. रंगाच्या दुकानात ह्या छटेस 'फिकट पोपटी' म्हणतात. आपणही तेच नाव चालवू.

ही पालवी फार दिवस टिकत नाही. चैत्र-वैशाखाच्या उन्हात ती लवकरच गडद होऊन जाते. तेव्हा हा रंग घराच्या भिंतीवर आणून वर्षभर डोळ्यांपुढे ठेवावा, असे माणसाला वाटले तर नवल नाही. वरवर पाहता ही गोष्ट सोपी आहे. डबा आणावा आणि कुंचला फिरवावा. तथापि भिंतीवर हा एक रंग आणण्याच्या खटपटीत माणसाने एके काळी मुलांचे प्राणही गमावले आहेत. ती हकीकत कळण्यापूर्वी ज्या घरात हा रंग द्यावयाचा, ते घर आधी पाहू.

पूर्वी हा सारा मुलूख चांदा जिल्हा ह्या एकाच नावाने ओळखला जात असे. १९६४ साली त्याला चंद्रपूर हे नाव मिळाले आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा निघाला. येथील खेड्यांतील जुन्या धाटणीचे घर म्हणजे बांबूच्या तट्ट्यांचा कूड किंवा मातीची जाड भिंत, तिच्यावर माती, शेण व भुसा ह्यांचा गिलावा आणि वर कौले. खिडक्या लहान, कित्येक खोल्यांना तर खिडकीच्या जागी केवळ हातभर झरोका. हा बांधणाऱ्याचा अडाणीपणा नव्हे. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा पुष्कळदा ४५ अंशांच्या पलीकडे जातो. अशा वेळी मोठी खिडकी म्हणजे उन्हाच्या झळांना दिलेले आमंत्रणच. पावसाळ्यात ह्या भागात धो धो पाऊस कोसळतो. भामरागडजवळ इंद्रावती, पामुलगौतम व पर्लकोटा ह्या नद्यांचा संगम आहे आणि पूर आला की तेथील गावांचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटतो. पावसाचा मारा, उन्हाचा ताप आणि रानातील श्वापदे ह्या तिन्हींपासून घराचे रक्षण करावयाचे, म्हणून भिंतीला भोके कमी. परंतु त्याची किंमत म्हणून घरात अंधार येतो. भर दुपारी बाहेर डोळे दिपत असतात आणि आत मात्र धान्याची कणगी चाचपडून शोधावी लागते.

खिडकी मोठी करता येत नसेल, तर जेवढा उजेड आत आला तेवढा वाया न घालविणे हाच उपाय उरतो. मातीची काळपट भिंत तिच्यावर पडलेल्या प्रकाशाचा बराचसा भाग गिळून टाकते. पांढरी भिंत तो जवळजवळ सगळा परत करते. तो समोरच्या भिंतीवर पडतो, तेथून पुन्हा छताकडे जातो आणि अशा रीतीने एकाच झरोक्याचा उजेड चेंडूप्रमाणे खोलीभर उड्या घेत राहतो. पांढऱ्या मातीने किंवा चुन्याने भिंती पोतारण्याची चाल खेडोपाडी पडली, तिला सणासुदीच्या शोभेइतकेच हेही कारण आहे. चुन्यात थोडी नीळ घालून निळसर झाक देण्याची आवडही विदर्भात जुनी आहे.

मग फिकट पोपटी रंगाचे विशेष ते काय? कोणताही रंग पांढऱ्याहून अधिक प्रकाश परतवू शकत नाही, हे प्रथम ध्यानात ठेवावे. रंग म्हणजे प्रकाशातील काही भागाची चोरीच असते. निळी भिंत तांबड्या-पिवळ्याची चोरी करते, तांबडी भिंत निळ्या-हिरव्याची. परंतु सगळ्याच चोऱ्या सारख्या जड नसतात. मनुष्याचा डोळा सर्व रंगांना सारखाच जागा नसतो. मीटरच्या अब्जाव्या भागास नॅनोमीटर म्हणतात. सुमारे ५५५ नॅनोमीटर लांबीच्या प्रकाशलहरी दिवसा आपल्या डोळ्यास सर्वांत तेजस्वी वाटतात, आणि त्या लहरींचा रंग असतो पिवळसर हिरवा! त्याच्या एका टोकाला तांबडा आणि दुसऱ्या टोकाला जांभळा. तिकडे जाऊ लागले म्हणजे डोळ्याची जाणीव मंद होत जाते. फिकट पोपटी भिंत मुख्यतः ह्या दोन टोकांचाच थोडासा प्रकाश चोरते आणि डोळ्याला जो अधिक उपयोगी तो मधला भाग परत करते. म्हणून रंग असूनही खोली उजळ राहते. शिवाय नुकत्याच दिलेल्या चुन्यावर दारातले ऊन पडले म्हणजे जी तिरीप डोळ्यांना खुपते, ती येथे सौम्य होते.

सायंकाळी ह्याचा एक गमतीदार पडताळा पाहावा. भिंतीच्या खालच्या भागास गेरूचा तांबडा पट्टा आणि वर फिकट पोपटी रंग अशी खोली असली, तर दिवस मावळताना दिवा न लावता थोडा वेळ बसावे. दिवसा ठसठशीत दिसणारा गेरूचा पट्टा आधी काळवंडतो. हिरवट भिंत मात्र बराच वेळ दिसत राहते. अंधुक उजेडात डोळ्याची जाणीव तांबड्याकडून निळ्या-हिरव्याकडे सरकते, त्याचा हा परिणाम. यान पुर्किन्ये नावाच्या झेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हे प्रथम टिपले. म्हणून त्याला पुर्किन्येचेच नाव मिळाले आहे.

आता मुख्य प्रश्न. पालवीचा रंग भिंतीवर आणावा कसा?

पहिला विचार मनात येतो तो पाल्याच्या रसाचा. पाने वाटली, रस काढला, भिंतीला फासला. त्या दिवशी ती सुंदर दिसते. पण पानातील हिरवे द्रव्य, ज्याला हरितद्रव्य म्हणतात, ते पान जिवंत असेपर्यंतच टिकते. कारण झाड ते पुन्हा पुन्हा बनवीत असते. भिंतीला ती कला अवगत नाही. काही दिवसांच्या उजेडाने हरितद्रव्य मोडते आणि मागे मातकट डाग राहतात.

तेव्हा खनिजांकडे वळणे भाग पडले. आपल्याकडील जुन्या चित्रकारांनी पिवळ्या हरताळात नीळ कालवून हिरवा रंग सिद्ध केला. हरताळ म्हणजे सोमल, अर्थात आर्सेनिक, आणि गंधक ह्यांचे खनिज. हस्तलिखित पोथीत लेखनिकाची चूक झाली की तिच्यावर हरताळाचा पिवळा लेप देऊन ती झाकीत; 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार त्यातूनच आला. दुकाने बंद ठेवण्याचा हरताळ तो निराळा. पोथीपुरते हे ठीक होते. पण असला विषारी व महाग पदार्थ सबंध भिंतीला कोण फासणार?

१७७५ साली स्वीडनमधील प्रसिद्ध रसायनशास्त्रज्ञ कार्ल विल्हेल्म शेले ह्याने तांबे व सोमल ह्यांच्या संयोगाने एक नवे हिरवे चूर्ण तयार केले. त्याची छटा पिवळसर हिरवी, अगदी कोवळ्या पानासारखी होती आणि ते स्वस्तही पडत असे. पुढे त्याच जातीची आणखी तेजस्वी चूर्णे निघाली. यूरोपातील धुराने कोंदलेल्या शहरांत राहणाऱ्या लोकांना वसंत ऋतू घरात आल्यासारखे झाले. त्या रंगाने छापलेले कागद त्यांनी भिंतींवर डकविले. कापड, कृत्रिम फुले, खेळणी ह्यांवरही तोच रंग चढला. शेलेला स्वतःला आपल्या चूर्णातील सोमलाची जाणीव होती. परंतु रंग खपत होता.

लवकरच तक्रारी कानी येऊ लागल्या. हिरव्या खोलीत झोपणाऱ्यांना डोकेदुखी, मळमळ, घशाला कोरड. गावी गेले की बरे वाटे, परत आले की पुन्हा दुखणे. १८६२ साली लंडनच्या लाइमहाऊस भागात एकाच कुटुंबातील चार मुले एकामागून एक दगावली. प्रथम तो घटसर्प समजला गेला. परंतु शेजारी कोणालाच तो रोग झाला नव्हता. त्यांच्या घराच्या भिंतींवर हिरवा कागद होता आणि त्यात सोमल होते. पुढे १८९० नंतरच्या काळात बार्तोलोमेओ गोझिओ ह्या इटालियन शास्त्रज्ञाने दाखवून दिले की, अशा रंगावर ओलीने बुरशी चढली म्हणजे ती लसणासारख्या वासाचा सोमलयुक्त वायू सोडते. त्या वायूपासून किती अपाय होतो ह्याविषयी नंतरच्या शास्त्रज्ञांत मतभेद झाले आहेत. पण भिंतीवरून झडणारी धूळ विषारी होती, ह्याविषयी वाद नाही. ओलसर भिंत आणि बुरशी ह्या गोष्टी आपल्या झाडीच्या मुलखास काही अपरिचित नाहीत. तो रंग त्या काळी येथे घरोघर पोचला असता तर काय झाले असते, ह्याची कल्पनाच करावी.

सोमलाचा रंग मागे पडला आणि त्याच्या जागी शिसे व क्रोमियम ह्यांचा पिवळा रंग पुढे आला. त्यात निळा मिसळला की हवी ती पोपटी छटा मिळते. हा रंग दिसण्यात निर्दोष आहे. दोष आहे तो शिशाचा. शिसे शरीरात शिरले की सहजासहजी बाहेर पडत नाही आणि मुलांच्या वाढत्या मेंदूस ते विशेष बाधते. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन हे शहरही आपल्यासारखेच उन्हाचे. तेथे मुलांना होणाऱ्या शिशाच्या विषबाधेचे मूळ लॉकहार्ट गिब्सन ह्या नेत्रवैद्याने १९०४ साली शोधून काढले. घरांच्या पडवीच्या कठड्यांना शिशाचा रंग दिलेला असे. उन्हाने तो भुकटी होऊन सुटे, मुलांच्या हातांना लागे, आणि नखे कुरतडण्याच्या किंवा बोटे चोखण्याच्या सवयीने तो पोटात जाई. इतके कळूनही जगाने शिशाचे रंग सोडण्यास कित्येक दशके लावली. भारतात घरगुती रंगांतील शिशावर बंधन घालणारे नियम २०१६ साली निघाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक शिसे असलेला घरगुती रंग बनविण्यास मनाई झाली. ह्यामुळे नव्या डब्यावरील मजकूर वाचून रंग घेणे शक्य झाले आहे. पण जुन्या दारा-खिडक्यांवर पूर्वीचे थर अजून असू शकतात. त्यांचे पोपडे कोरडे खरवडू नयेत, आणि मुलांनी तर त्या कामापासून दूरच राहावे.

फिकट पोपटी रंगाची एक जुनी व निर्धोक वाट मात्र पायांखालच्या मातीतूनच जाते. पिवळी माती ही लोहाच्या गंजामुळे पिवळी असते. तीच चुलीत भाजली की तिच्यातील पाणी उडून जाते आणि तिचा तांबडा गेरू होतो. हा प्रयोग खड्याएवढ्या मातीवरही करून पाहता येतो. गडचिरोली जिल्ह्यात सुरजागडच्या डोंगरात जे लोहखनिज आहे, त्याचेच हे दूरचे सोयरे म्हणावयाचे. ह्या पिवळ्या मातीत खनिज निळा रंग अगदी चिमूटभर मिसळावा आणि ते मिश्रण पांढऱ्या चुन्यात घालावे. जी छटा निघते ती शेलेच्या रंगाइतकी झगझगीत नसते. तिच्यात किंचित मातकटपणा राहतो. पण खऱ्या पानांच्या रंगातही तो असतोच, आणि झगझगीत हिरवा दिवसभर पाहवत नाही.

चुना हा ह्या रंगाचा आधार होय. चंद्रपूर जिल्ह्यात राजुरा व कोरपना ह्या तालुक्यांत चुनखडीचे विस्तीर्ण थर आहेत. गडचांदूर, आवारपूर येथील सिमेंटचे कारखाने त्यांच्यावरच चालतात. चुनखडी भट्टीत सुमारे ९०० अंशांपर्यंत तापविली की तिच्यातील कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. कळीवर पाणी घातले की ती फसफसते, उकळते आणि फुलून पांढरे लोणी होते. हे काम मोठ्यांनीच करावे. विरणाऱ्या चुन्याचा एक थेंब डोळ्यात उडाला तर दृष्टी जाऊ शकते. चुना गाळून, पातळ करून, त्यात डिंकाचे पाणी किंवा भाताची पेज घालतात, म्हणजे तो भिंतीस धरून राहतो व हाताला लागत नाही. पुढचे काम हवा करते. भिंतीवर चढलेला चुना हवेतील तोच वायू पुन्हा शोषून घेतो आणि त्याची पुन्हा चुनखडी बनते. भट्टीत घालविलेले ते असे घरच्या भिंतीवर परत मिळते! रंगाचे कण ह्या पातळ दगडी सालीत अडकून बसतात. चुना तीव्र असल्यामुळे त्यात सगळेच रंग तग धरीत नाहीत. मातीचे रंग मात्र खुशाल टिकतात.

मातीच्या भिंतीला चुनाच का मानवतो, ह्याचे आणखी एक कारण आहे. अशी भिंत पावसाळ्यात जमिनीतून ओल ओढते आणि उन्हाळा जवळ आला की ती हवेत सोडते. चुन्याची साल सच्छिद्र असल्याने ओल बाहेर पडते. काही घरांत हौसेने मातीच्या भिंतीवर तेलाचा चकचकीत रंग देतात. दिवाळीला ती भिंत आरशासारखी दिसते. पण पुढच्या पावसाळ्यात आतली ओल वाट न मिळाल्याने रंगाला फोड आणते आणि तो गिलाव्यासकट सुटतो. विटांच्या व सिमेंटच्या कोरड्या भिंतीची गोष्ट वेगळी.

धानाच्या कापणीची घाई सुरू होण्याआधी, दसरा-दिवाळीच्या सुमारास, घरोघर भिंतींची डागडुजी निघते. भेगा व उंदरांची बिळे बुजवावी, वाळवीची घरे खरवडावी, गिलावा नीट सुकू द्यावा. मग अंबाडीच्या वाकाच्या कुंच्याने साध्या चुन्याचे दोन हात आणि त्यांवर रंगाचा हात. एक आडवा फिरविला असेल तर पुढचा उभा. येथे नवशिक्या हमखास फसतो. ओला चुना अर्धपारदर्शक असतो. त्यामुळे ओली भिंत बरीच गडद दिसते. हा फारच हिरवा झाला असे वाटून तो आणखी चुना ओततो, आणि दुसऱ्या दिवशी भिंत पांढरीफटक! म्हणून कोपऱ्यात हातभर जागा रंगवून ती पूर्ण वाळेपर्यंत थांबावे आणि मगच प्रमाण ठरवावे. सारा रंग एकाच वेळी कालवावा. दुसऱ्यांदा तंतोतंत तीच छटा साधणे जुन्या रंगाऱ्यालाही जड जाते.

छटा ठरविताना खोलीचे दारही पाहावे लागते. ज्या घरावर आंबा-चिंचेची सावली आहे, त्यात येणारा उजेड पानांतून गाळून येतो आणि तो आधीच हिरवट असतो. त्यात भिंतही हिरवी केली तर माणसांचे चेहरे आजारी दिसू लागतात. तेथे पिवळी माती अधिक व निळा जवळजवळ नाहीच, असे प्रमाण ठेवावे. उघड्या अंगणाकडे तोंड असलेल्या खोलीत हिरवी झाक थोडी वाढली तरी चालते. आरशामागची आणि जेवणाच्या जागेची भिंत पांढरी राहिली तर बरे. हिरव्या उजेडात पिवळे वरणसुद्धा शिळे भासते.

ह्या रंगाजवळ काय शोभते? १८३९ साली फ्रान्समधील शेव्रल ह्या रसायनशास्त्रज्ञाने एक मोठा ग्रंथ लिहून दाखविले की, दोन रंग शेजारी ठेवले म्हणजे ते एकमेकांचे रूप पालटतात. तो पॅरिसमधील गोब्लँ येथील राजकीय विणशाळेत रंगाईचा प्रमुख होता, आणि धाग्यांचे रंग फिके दिसतात ह्या विणकरांच्या तक्रारीचा तपास करता करता तो ह्या शोधापर्यंत पोचला. तांबड्याजवळ हिरवा अधिक हिरवा दिसतो. पळसाचे झाड हेच सांगत असते. म्हणून फिकट पोपटी भिंतीच्या तळाशी गेरूचा वीतभर पट्टा, शेणाने सारवलेली जमीन, सागाची चौकट, बुरुडाने विणलेली बांबूची टोपली, फळीवर घासलेली तांब्या-पितळेची भांडी एवढी सजावट पुरेशी होते. खरे पाहता ह्यांतील बहुतेक वस्तू घरात आधीपासून असतातच. भिंत उजळली की त्या दिसू लागतात.

ह्या रंगाने खोली थंड होते, असेही कित्येक जण सांगतात. घराचे कौल किंवा बाहेरची भिंत पांढरी केली तर ऊन परावर्तित होऊन आत ताप खरोखरच कमी होतो. आतील भिंतीच्या रंगाने मात्र तापमापकाचा पारा हलत नाही. हिरवट खोलीत शिरताच जो गारवा वाटतो, तो झाडाखाली बसण्याच्या सवयीने मनाला वाटणारा गारवा होय. वैशाखातील दुपारी तेवढाही कोणी नाकारीत नाही.

चुन्याचा हात वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो. जुन्या घराच्या भिंतीचा एखादा कोपरा फुटला म्हणजे तेथे हे हात एकावर एक चढलेले दिसतात : एक पांढरा, त्याखाली निळसर, मग पिवळा, मध्येच कोणा लग्नाच्या वर्षी दिलेला गुलाबी, पुन्हा पांढरा, आणि सर्वांत आत मातीत मिसळलेला भुसा.